बायकांच्या क्लासातला समाधान

मुमताज आपांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा मेहरुण तलावाच्या रस्त्यावर उभी असलेली मोटारसायकल आमच्यापासून हातभर अंतरावर होती. शिकवण्याच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मी तो दाबला, गाडी थांबली, पण थांबता थांबता मोटारसायकलला हलकासा धक्का बसलाच. ती अगदी सावकाश, पेंग आल्यासारखी, आडवी झाली. मागे बांधलेलं पोतं सुटलं आणि रस्ताभर वांगी घरंगळली. हिरवी, पांढरट, हातात न मावणारी भरिताची वांगी...

"या अल्ला," आपा म्हणाल्या आणि स्टिअरिंग सोडून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

चहाच्या टपरीवरून एक माणूस उठून आला. उंच, सावळा, अंगात करडा स्वेटर, हातात अर्धा कप चहा. मी खाली उतरले आणि पाठ ताठ केली. रस्त्यावर बाईच्या हातून काही झालं की पुरुष काय काय बोलतात ते मला पाठ होतं. 'यांना गाडी देतं तरी कोण' इथून सुरुवात होते. त्याची उत्तरंही माझ्याकडे तयार असायची.

पण त्याने उरलेला चहा संपवला, कप टपरीवर ठेवून आला आणि खाली बसून वांगी गोळा करायला लागला.

"चूक आमची आहे," मी म्हणाले. "काही मोडलं असेल तर भरून देते. गाडीचंही आणि वांग्यांचंही."

"वांग्यांना काय व्हायचंय?" त्याने एक तडकलेलं वांगं उचलून पाहिलं. "फुटली तरी शेवटी भरीतच होणार."

मला हसू आलं. ते मी दाबलं, पण त्याने पाहिलं असावं. मीही वाकून वांगी उचलायला लागले. मार्गशीर्षातली सकाळ होती, तलावावरून गार वारा येत होता आणि ती वांगी दवाने ओली होती, थंडगार. एका वांग्याकडे आम्हा दोघांचेही हात गेले आणि दोघांनीही ते एकदम सोडलं. ते पुन्हा घरंगळत गटारात गेलं.

"हे मात्र भरून द्यावं लागेल," तो गंभीरपणे म्हणाला.

मग गाडीच्या छतावरची, माझ्या नावाची पाटी त्याने मोठ्याने वाचली. "दीपमाला मोटार ड्रायव्हिंग क्लास. फक्त महिलांसाठी... का? पुरुषांना येतं म्हणून?"

"येतं असं त्यांना वाटतं म्हणून."

"मला नाही येत," तो साधेपणाने म्हणाला. "दोनचाकी येते. चारचाकी कधी जमलीच नाही."

भर रस्त्यात, एका अनोळखी बाईपुढे, मला गाडी येत नाही असं सांगणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. मी त्याच्याकडे नीट बघितलं. कानांजवळ थोडे पिकलेले केस, डोळ्यांत झोप कमी आणि शांतपणा जास्त.

पुढच्या आठवड्यात तो क्लासवर आला. रिंगरोडला एका गाळ्यात माझं ऑफिस आहे... ऑफिस म्हणजे एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि बायकांना बसायला एक बाक. या वेळी त्याच्याबरोबर त्याचे वडील होते. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, गुडघ्याला क्रेपचा पट्टा. चुडामण आबा. ते बाकावर बसले, आपांच्या शेजारी, आणि कुणी विचारायच्या आत बोलायला लागले.

"पोरी, मना पोर्‍याले गाडी शिकाडी दे. मना गुडघा आते मोटारसायकलवर बठू देत नही. आनि लगीनसराई तं आली."

"आबांना खानदेशातल्या सगळ्या लग्नांना जावं लागतं," तो म्हणाला. "नाही गेले तर लग्न लागत नाही."

"पण इथे फक्त बायका शिकतात, आबा. बाहेर पाटी आहे."

"मंग काय व्हयनं? हाऊ कोनलेच तरास देत नही. एक कोपरामा बठाडी दे."

"कोपऱ्यात बसवलं तर गाडी कोण चालवेल, आबा?"

बाकावरच्या बायका हसल्या. मुमताज आपा तर खांदे हलवून हसत होत्या. आपांचं शहरात बांगड्यांचं दुकान आहे. साठीला आल्या असताना त्यांनी गाडी शिकायला घेतली, कारण माल आणायला जायचं तर त्यांच्या नवऱ्याला, फारुखभाईंना, दुपारी झोप लागते. "घे ना बेटा," त्या मला म्हणाल्या. "माझ्यामुळे बिचाऱ्याची वांगी सांडली. माझ्या जिवाला लागून राहिलंय ते."

मी नाही म्हणणार होते. बायकांनाच शिकवायचं हा नियम मी उगाच केला नव्हता. पण आबा गुडघा चोळत माझ्याकडे इतक्या खात्रीने बघत होते की माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारी सकाळी. आणि मागच्या सीटवर आपा बसतील."

"चालेल," तो म्हणाला.

त्याचं नाव समाधान पाटील. चोपड्याला त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं, गावाबाहेर केळीची बाग होती आणि घरात तो आणि आबा, दोघंच.

पहिल्या दिवशी गाडी सात-आठ वेळा बंद पडली. त्याच्या कपाळावर घाम आला, तोही थंडीत.

"क्लच हळू सोडा, समाधानभाऊ."

"किती हळू?"

"झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढतो ना आपण, तसा."

"मला त्याची सवय नाही."

"मग... भाजलेल्या वांग्याचं साल काढतात तसा. घाई केली तर बोट पोळतं."

"हे कळलं." आणि गाडी खरंच हलली. मागून आपांनी टाळ्या वाजवल्या.

थोडं पुढे गेल्यावर तो समोर बघतच म्हणाला, "एक विनंती आहे. भाऊ म्हणू नका."

"का? आपल्याकडे सगळ्यांनाच म्हणतात."

"तेच. चोपड्यात दुकानात येणारा प्रत्येक जण मला भाऊ म्हणतो. एखादं तरी माणूस नावाने हाक मारणारं असावं."

मागच्या सीटवर आपा अचानक खोकायला लागल्या. मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "पुढे गतिरोधक आहे... समाधान."

गतिरोधक त्याला दिसलाच नाही. आपांचं डोकं छताला लागलं.

रविवारमागून रविवार जात राहिले. धडा झाला की आम्ही तिघं तलावाजवळ काहीतरी प्यायला थांबायचो. मी विचारायचे, चहा की कॉफी, आणि तो म्हणायचा, चालेल. भजी घ्यायची का? चालेल. आज रिव्हर्स शिकायचं की चढ? काहीही चालेल. एका रविवारी मी वैतागले.

"तुम्हाला स्वतःला काय हवंय, ते कधी सांगता का हो?"

तो दचकला. किती तरी वेळ टपरीवरच्या स्टोव्हकडे बघत राहिला. मला वाटलं, जास्त बोलून गेले.

"कॉफी," तो शेवटी म्हणाला. "साखर जास्त. आणि भजी कांद्याची नको... मिरचीची."

"बघा, किती सोपं होतं."

"सोपं नव्हतं," तो हसला. पहिल्यांदाच पूर्ण हसला. त्याचा एक दात किंचित पुढे होता आणि हसला की तो फार लहान दिसायचा. ते बघून मला बरं वाटलं... आणि बरं वाटलं म्हणून लगेच भीतीही वाटली.

हायवेचा सराव करायला मी त्याला विदगावकडे नेलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पहाटेचं धुकं अजून पानांवर रेंगाळलेलं. तापीच्या पुलाअलीकडे मी गाडी बाजूला घ्यायला लावली. आपा मागे झोपल्या होत्या. निदान डोळे तरी मिटलेले होते.

"आमच्या घरी गाडी आहे," समाधान म्हणाला. "शेडमध्ये उभी असते, झाकून. जयश्रीची. माझ्या बायकोची."

तो सावकाश सांगत गेला. जयश्रीला गाडीची हौस. ती चालवायची आणि हा शेजारी बसून शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवायचा. शिकून घे म्हणाली की हा म्हणायचा, तू आहेस ना. सहा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तिला ताप आला. साधाच वाटला होता. आठवडाभरात ती गेली.

"लोक म्हणाले, गाडी विकून टाक. विकली नाही आणि चालवलीही नाही. मग हळूहळू सगळ्यालाच चालेल म्हणायची सवय लागली. काही हवंसं वाटलं नाही, की ते जाण्याची भीती नाही."

नदीवरून एक बगळा उडत गेला. मला वाटलं, आता मीही काहीतरी दिलं पाहिजे. एवढं सांगणाऱ्या माणसासमोर हात आखडून बसणं बरं दिसत नाही.

"मला धुळ्याला दिलं होतं," मी म्हणाले. "माणूस बोलायला फार गोड. लग्नाआधी इतकं गोड बोलला की मीच घरच्यांच्या मागे लागले. नंतर मात्र मी काही म्हटलं की, तुला काय कळतं. चार माणसांत, नोकरांसमोर, कुठेही. एकदा आम्ही जळगावला माझ्या माहेरी निघालो होतो. पारोळ्याच्या अलीकडे तो चुकीच्या रस्त्याला लागला. मी तेवढंच म्हटलं, रस्ता चुकला वाटतं. त्याने गाडी थांबवली, मला खाली उतरवलं आणि निघून गेला. वैशाखातली दुपार. झाडाचं नाव नाही. धडा शिकवून तासाभराने परत येणार होता म्हणे."

"मग?"

"मग काय... एसटी आली. मी हात केला आणि बसले. तो परत आला तेव्हा मी तिथे नव्हते. पुन्हा कधीच नव्हते."

समाधान माझ्याकडे बघत राहिला. बिचारी, असं काही त्याच्या डोळ्यांत नव्हतं. तिथे चक्क कौतुक होतं.

"त्याचा चेहरा बघायला हवा होता," तो म्हणाला.

मी हसले. त्या दुपारवर मी पहिल्यांदाच हसले असेन. मग म्हणाले, "जळगावला आले आणि आधी गाडी शिकले. दुसऱ्याच्या गाडीत बसायचंच नाही, असं ठरवलं. पुरुषाला शिकवायचं नाही, हेही तेव्हाच ठरवलं."

"मग मला का घेतलं?"

"आबांच्या गुडघ्यामुळे."

"फक्त?"

मागून आपांचा आवाज आला, "उत्तर दे ना बेटा, मला पण ऐकायचंय."

"गाडी सुरू करा," मी म्हणाले. "आणि आरसा बघा."

"आरशातच बघतोय," तो म्हणाला. मी वर पाहिलं तर आरसा माझ्याकडे वळलेला होता. कधी वळवला होता कोण जाणे.

त्याने आरटीओत एका दमात गाडीने आठचा आकडा काढून दाखवला आणि परीक्षा पास झाला. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी लक्षात आलं, आता रविवार रिकामा. त्यालाही ते कळलं असावं. लायसन्सच्या रांगेतून बाहेर येताना तो म्हणाला, "शेतात भरीत करतोय. तुमच्या आईंना घेऊन या. आपांनाही. गटारात गेलेल्या वांग्याचा हिशोब तेवढाच पूर्ण होईल."

"आणि आम्ही नाही आलो तर?"

"मग मला वाईट वाटेल," तो म्हणाला. चालेल म्हणाला नाही.

म्हणून आम्ही गेलो. माझी आई, ताईबाई, नवं लुगडं नेसून. फारुखभाईही आले, आपांना घेऊन त्यांच्या गाडीने, दुपारची झोप सोडून. केळीच्या बागेच्या कडेला कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून समाधान वांगी भाजत होता. धुराने डोळे लाल झालेले, हात काळे. भाजलेल्या वांग्यांचा आणि मिरच्यांचा वास लांबपर्यंत सुटला होता. मी साल काढायला बसले. तो समोर बसला. बोटं पोळत होती आणि आम्ही दोघं उगाचच हसत होतो. वांगी ठेचताना तो म्हणाला, तिखट किती हवं? मी म्हणाले, चालेल. त्याने मुसळ खाली ठेवलं आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं की आईसुद्धा हसली.

सगळं असं छान चाललं होतं आणि पंगत बसली. आबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, आईकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईबाई, तुमनी पोर माले सून म्हनीसन पाहिजे. मी तं पहिलाच दिन ठरायेल व्हतं. म्हनीसन तं पोर्‍याले शिकाले धाडं."

मुमताज आपांनी हळूच "आबा" म्हटलं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. पहिल्याच दिवशी ठरवलं होतं... म्हणजे तो गुडघा, ते रविवार, ती पुलाजवळची सकाळ, सगळं आधीच ठरवलेलं? मी समाधानकडे बघितलं. तो लाल झाला होता. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने खाली मान घातली.

"मी जेवायला आले होते, आबा," मी म्हणाले. "कुणी मला बघावं म्हणून नाही." मी हात धुतले, आईला उठवलं आणि गाडीत बसले. तो बांधापर्यंत आला, पण बोलला काहीच नाही. आरशात तो लहान लहान होत गेला.

घरी आल्यावर आईने दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मेथी निवडताना म्हणाली, "त्याचं काय चुकलं?"

"बोलला का तो काही? एक शब्द तरी?"

"आणि तो धुळ्याचा? तो किती बोलायचा." तिने मेथीच्या काड्या बाजूला केल्या. "बोलण्यावरून माणूस पारखायचं मी तेव्हाच सोडलं, दीपमाले."

रविवार आला. मी सवयीने पहाटे उठले, तयार झाले आणि मग आठवलं. आपांना एकटीलाच घेऊन तलावावर गेले. त्या सगळी फेरी एकदाही न चुकता चालवून आल्या आणि म्हणाल्या, "आज मजा नाही आली."

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी क्लासच्या दारात एक निळी गाडी येऊन थांबली. थांबली म्हणजे दोन आचके देऊन बंद पडली. समाधान उतरला. चोपड्यापासून एकटा चालवत आला होता, शहराच्या गर्दीतून. शर्ट पाठीला चिकटला होता. मला आधी गाडी दिसली आणि ती कुणाची, ते न सांगता कळलं. शेडमधून बाहेर काढायला त्याला काय लागलं असेल, तेही कळलं.

बाकावर तीन बायका होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. एकही उठली नाही. मीच बाहेर आले.

"आबांना मी काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "त्यांच्या मनात काय होतं, मला खरंच माहीत नव्हतं. त्यांचा गुडघा मात्र खरा आहे."

"बरं."

"पण ते बोलले याचं मला वाईट वाटलं नाही. माझ्याआधी बोलले, याचं वाटलं."

रस्त्यावरून एक रिक्षा कर्णकर्कश हॉर्न वाजवत गेली. ती जाईपर्यंत तो थांबला.

"त्या दिवशी गप्प का बसलात?" मी विचारलं.

"तुम्ही निघालात... अडवलं असतं तर पुन्हा कुणीतरी आपल्या मनाविरुद्ध वागतंय, असं वाटलं असतं तुम्हाला. जाऊ द्यावं, असं वाटलं. पण मग रोज वाटत राहिलं, तुमच्या दारापर्यंत तरी यायला हवं होतं. म्हणून आलो." त्याने श्वास घेतला. "तुम्हीच विचारलं होतंत, मला काय हवंय. मला तुम्ही हव्या आहात. सकाळी कॉफीला. संध्याकाळी भांडायला. आजारपणात, लग्नांत... आबांच्या सगळ्या लग्नांत."

मी म्हणाले, "मी पुन्हा कुणाच्या घरात पाहुणी म्हणून राहणार नाही. आणि क्लास सोडणार नाही."

"सोडू नका. पाहुण्यांना आमच्याकडे तसंही फार काम करावं लागतं."

"थट्टा नको. मला वेळ लागेल."

"लागू दे," तो म्हणाला. "मी सहा वर्षं थांबलेली गाडी चालू केली. मला घाई नाही."

तो परत गाडीत बसला आणि ती पुन्हा बंद पडली. बाकावरची एक बाई दारातून ओरडली, "हाफ क्लच, भाऊ, हाफ क्लच." तो हसला, मला हात केला आणि गेला.

मी वेळ घेतला. घाबरण्यासारखं काय काय आहे, ते आठवून पाहिलं. एकेक भीती समोर ठेवली, की तिच्याशेजारी हा येऊन उभा राहायचा, काळ्या झालेल्या हातांनी, एक दात पुढे असलेलं हसू घेऊन. फोन त्याने एकदाही केला नाही. आबांनी केला, पण फक्त गुडघ्याबद्दल सांगायला, आणि ठेवताना म्हणाले, "मी बाकीनं काही बोलत नही हां, पोरी."

माघ संपत आला होता. एका दुपारी शिकणाऱ्या बाईंचा निरोप आला, आज जमणार नाही. मी पाटी आत घेतली, गाडी काढली आणि तापी ओलांडून सरळ चोपड्याचा रस्ता धरला. आईला फक्त एवढंच सांगितलं, जाऊन येते. तिने कुठे, हेही विचारलं नाही.

समाधान बागेत होता. ठिबकच्या मोठ्या पाइपाचा जोड सुटला होता आणि तो गुडघाभर चिखलात उभा राहून दोन्ही हातांनी तो दाबून धरत होता. पाण्याचं कारंजं केळीच्या पानांवर उडत होतं, पानांवरून त्याच्या डोक्यावर. मला बघून तो तसाच गोठला.

"मोटार बंद करा ना," मी म्हणाले.

"आबा गेलेत बंद करायला. गुडघा... वेळ लागतो."

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि चिखलात उतरले. पाणी थंड होतं, माझ्या तोंडावर, केसांत, गळ्यात. मी त्याच्या हातांवर हात ठेवून जोड दाबला. आमचे चेहरे जवळ आले. त्याच्या पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं.

"तुम्ही भिजाल," तो म्हणाला.

"तुम्ही नाही," मी म्हणाले. "तू म्हण."

जोड हातातून निसटायला लागला, तो त्याने पुन्हा दाबला.

"मी विचार केला, समाधान. आठवड्यातले काही दिवस क्लास जळगावला, काही दिवस इथे. तुझ्या दुकानाशेजारचा गाळा मी येतानाच बघून आले, रिकामा आहे. आई अधूनमधून येईल. भांडण झालं तर मी माझी गाडी घेऊन फेरी मारून येईन, पण परत येईन. हे सगळं तुला... मला तुझ्याशी लग्न करायचंय."

माझ्याशी तो नेहमी शहरातलं, जपून, नीटनेटकं मराठी बोलायचा. आता त्याच्या तोंडून घरचं निघालं, लहान मुलासारखं.

"खरं शे?"

माझ्या आजोळची बोली. किती वर्षांत ती माझ्या जिभेवर आली नव्हती.

"खरं शे," मी म्हणाले.

आणि त्याने पाइप सोडून दिला.